साबणाचा घाणा का बिघडला?

आम्ही घणसोली गावातल्या बचत गटाच्या बायका.

आज आम्ही अणूविषयी बोलणार आहोत. अणू म्हटलं की डोळ्यांपुढे बॉम्ब येतो, नाहीतर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र. बैठकीत हा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्या एक काकी म्हणाल्याच, "अगं, आपण साबण करणाऱ्या बायका. आपल्याला गो अणू कशाला?" पण काकी, आपल्याला अणूपर्यंत आणलं ते साबणानेच. बिघडलेल्या साबणाने.

झालं ते असं. आमचा गट खोबरेल तेलाचा अंगाचा साबण करतो. शिकलो तेव्हा माप ठरलं होतं ते वाटीचं. एक किलो खोबरेल तेलाला कॉस्टिक सोड्याची एक ठरलेली वाटी. ती स्टीलची वाटी आम्ही हिशोबाच्या वहीबरोबर कपाटात ठेवायचो. त्या मापाने घाणे चांगले निघाले, साबण खपला. मग दिवाळीच्या तोंडावर खोबरेल तेल महागलं. सेक्टरमधल्या एका सोसायटीची नव्वद वड्यांची ऑर्डर हातात होती. आम्ही विचार केला, या वेळी पाम तेल घेऊ. तेलासारखं तेल, त्यात काय? खजिनदार ताईंनी जाऊन सहा किलो पाम तेल आणलं. वाटी तीच, पाणी तेवढंच.

साबण छान घट्ट झाला, वड्या सुबक पडल्या. पण वड्या कापणाऱ्या वहिनींच्या बोटांची सालं निघाली. दुसऱ्या एकीने तोंड धुऊन पाहिलं तर चेहऱ्याची आग आग झाली. नव्वद वड्या तशाच पडून राहिल्या आणि गटाच्या कर्जातले पैसे अडकले. त्याहून वाईट म्हणजे बोट खजिनदार ताईंकडे वळलं. "तेलच भेसळीचं आणलं असणार," असं कोणीतरी म्हणालं आणि ते तोंडोतोंडी पसरलं. दोन बैठकांना ताई आल्याच नाहीत.

हा गुंता सोडवला तो आमच्यातल्याच एकीच्या मुलीने. ती अकरावीला सायन्सला आहे. तिने विचारलं, "काकी, तेल बदललं तेव्हा कॉस्टिकचा हिशोब बदललात का?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. किलोला किलो, मग हिशोब कशाला बदलायचा? त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही तिची पुस्तकं चाळली, तिच्या बाईंना जाऊन भेटलो आणि दोनशे-अडीचशे वर्षं मागे गेलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

कवडशातले कण

जुन्या कौलारू घरात दुपारी कवडसा पडायचा. त्यात बारीक कण नाचताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. आपल्याकडे कणाद ऋषींच्या नावाने चालत आलेल्या वैशेषिक दर्शनात हाच दाखला घेतलाय. कवडशात दिसणारा कणसुद्धा सगळ्यांत लहान नव्हे, तो आणखी बारीक भागांचा बनलेला आहे आणि शेवटी ज्याचे तुकडे होत नाहीत तो परमाणू, असं त्या विचारवंतांनी मांडलं. तिकडे ग्रीस देशातही अडीच हजार वर्षांच्या आसपास डेमोक्रिटस नावाच्या माणसाने असंच म्हटलं होतं.

विचार मोठाच होता. पण एका गोष्टीची उणीव होती. परमाणू आहे म्हणा की नाही म्हणा, पडताळा कसा घ्यायचा? तो घेता आला तराजूने. म्हणून रसायनशास्त्रातल्या अणूची गोष्ट खरी सुरू होते ती वजन करण्यापासून.

आणखी एक, म्हणजे मुलांचा अभ्यास घेताना गोंधळ होणार नाही. मराठी पुस्तकात सगळ्यांत लहान एकटा कण म्हणजे अणू आणि दोन-चार अणू जोडून झालेला तो रेणू. हिंदी पुस्तकात मात्र आपल्या अणूला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु. मूल चुकलं म्हणून ओरडण्याआधी पुस्तक कोणत्या भाषेतलं आहे ते बघा. आम्ही ओरडून मोकळ्या झालोय.

जमा-खर्च जुळलाच पाहिजे

खाडीकाठी पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. आता हिशोब बघा. शिंपल्या अगदी शुद्ध धरल्या तर शंभर किलो शिंपल्या पूर्ण भाजल्यावर चुनकळी उरते छप्पन किलो. मग चव्वेचाळीस किलो गेलं कुठे? बचत गटाच्या वहीत शंभरातले चव्वेचाळीस गायब झाले तर आपण त्या खजिनदारणीला विचारणार की नाही? रसायनशास्त्रज्ञ मात्र फार वर्षं हा प्रश्न नीट विचारतच नव्हते. जळलं, उडालं, संपलं, असं म्हणून सोडून द्यायचे.

हा हिशोब पक्का केला तो फ्रान्समधल्या आंत्वान लाव्हाझिए यांनी. बंद भांड्यात काम करायचं, आधी वजन, नंतर वजन आणि जी हवा निघाली किंवा आत ओढली गेली तिचंही वजन. त्यांनी दाखवून दिलं की काहीच गायब होत नाही. शिंपल्यांतले चव्वेचाळीस किलो म्हणजे भट्टीतून उडून गेलेला वायू, ज्याला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तो धरला तर शंभराचे शंभर भरतात. लाव्हाझिए यांचं हे सगळं मांडणारं पुस्तक १७८९ मध्ये छापलं गेलं.

त्या पुस्तकातली उपकरणांची चित्रं कोणी काढली ठाऊक आहे? त्यांच्या बायकोने. मारी-आन तिचं नाव. लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नवऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि तिकडचे लेख त्याला फ्रेंचमध्ये करून देऊ लागली. चित्रकला शिकली, प्रयोगाच्या नोंदी ठेवू लागली. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, त्या धुमश्चक्रीत १७९४ मध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. पुढे त्यांचे निबंध छापवून आणले तेही तिनेच. नोंदी ठेवणाऱ्या बाईचं नाव मागे पडतं. आपण तरी ते घेऊया.

मीठ कुठलंही असो

आता आपल्या मिठाकडे येऊ. आगर म्हणजे मिठागर आणि आगरात राबणारे ते आगरी, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. भरतीचं पाणी खाचरात घ्यायचं, उन्हाने आटवायचं आणि पावसाआधी मीठ उचलायचं. घराघरांतल्या आजेसासवांनी हे काम केलंय.

त्या आगरातलं मीठ घ्या, राजस्थानातल्या सांभर तळ्याचं घ्या, नाहीतर कारखान्यातलं पिशवीबंद घ्या. माती, ओल आणि इतर क्षार काढून निव्वळ मीठ तेवढं ठेवलं, तर शंभर ग्रॅममध्ये सोडियम निघणार सुमारे ३९ ग्रॅम आणि क्लोरीन सुमारे ६१ ग्रॅम. कुठेही, कधीही, कोणीही केलेलं असो. खड्याच्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते त्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात म्हणून. ती मिसळ आहे, ती कमीजास्त होते. पण निव्वळ मिठातलं प्रमाण हलत नाही.

हा नियम प्रुस्त नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८०० सालाच्या आसपास मांडला. ते तेव्हा स्पेनमध्ये काम करत होते. खाणीतून निघालेला तांब्याचा एक क्षार आणि तोच क्षार प्रयोगशाळेत करून त्यांनी तपासला. दोन्हींत प्रमाण तंतोतंत सारखं निघालं.

इथे थोडं थांबूया, कारण गंमत इथेच आहे. आमटीत मीठ आपण चवीप्रमाणे घालतो, थोडं कमी, थोडं जास्त, तरी ती आमटीच राहते. मग मीठ स्वतः तयार होताना सोडियम आणि क्लोरीन 'चवीप्रमाणे' का एकत्र येत नाहीत? चाळीसाला साठ, पन्नासाला पन्नास असं का होत नाही? याचं उत्तर दिलं ते एका विणकराच्या मुलाने.

विणकराचा मुलगा

जॉन डाल्टन यांचा जन्म १७६६ चा. उत्तर इंग्लंडमधल्या ईगल्सफील्ड नावाच्या लहान खेड्यात. वडील हातमागावर कापड विणायचे. बाराव्या वर्षी हा मुलगा गावच्या शाळेत दुसऱ्या मुलांना शिकवू लागला. पुढे मँचेस्टरला गेला आणि शिकवण्या करून पोट भरत राहिला. एक सवय मात्र जन्मभर. रोजच्या हवामानाची नोंद. पाऊस किती, वारा कसा, हवेचा दाब किती. ही वही त्यांनी सत्तावन्न वर्षं लिहिली, १८४४ मध्ये मृत्यू आला तोपर्यंत. आपल्या गटाची वही सत्तावन्न आठवडे न चुकता लिहिली तरी आपण पेढे वाटू.

हवेचा विचार करता करता डाल्टन यांना प्रश्न पडला, वेगवेगळे वायू एकत्र कसे राहतात, पाण्यात कमीजास्त का विरघळतात? त्यातून ते या मतावर आले की सगळे पदार्थ अणूंचे बनले आहेत आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला आपापलं ठरावीक वजन आहे. १८०३ मध्ये त्यांनी आपल्या वहीत अणूंच्या वजनांची पहिली यादी मांडली. १८०८ मध्ये पुस्तक काढलं. त्यातलं म्हणणं आपल्या भाषेत असं:

एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे, वजनालाही सारखे. वेगळ्या मूलद्रव्याचे अणू वेगळ्या वजनाचे. अणू नवा होत नाही, नाहीसा होत नाही, तो फक्त सोबती बदलतो. आणि अणू जोडले जातात ते नगाने. एकाला एक, एकाला दोन, दोनाला तीन. अर्धा अणू, पाव अणू असा व्यवहार नाही.

आता मिठाचं कोडं आपोआप सुटतं. मिठात सोडियमच्या एका नगाला क्लोरीनचा एकच नग. सोडियमचं वजन २३ धरलं तर क्लोरीनचं साडेपस्तीस. म्हणून कुठलंही मीठ घ्या, वजनाचं प्रमाण २३ ला साडेपस्तीस, म्हणजेच शंभरात ३९ आणि ६१. डाल्टन यांचे आकडे इतके अचूक नव्हते, ही आजची वजनं आहेत. पण वाट त्यांनीच दाखवली. ते नग केवढे लहान असतील? बारीक मिठाच्या एका कणात अशा जोड्या असतात सुमारे सहाच्या पुढे सतरा शून्यं इतक्या.

यातली एक गोष्ट मनात घट्ट धरून ठेवा, साबणाचं उत्तर तिच्यात आहे. सारखं वजन म्हणजे सारखी संख्या नव्हे. एक किलो मोठी कोळंबी सोलायला घेतली तर पटकन होते. एक किलो बारीक कोळंबी घेतली तर बसून बसून कंबर दुखते. वजन एकच, पण नग जास्त, म्हणून सोलण्याचं कामही जास्त.

डाल्टन अणू कागदावर कसे दाखवायचे तेही सांगायला हवं. गोल काढायचे. रिकामा गोल म्हणजे ऑक्सिजन, मध्ये टिंब असलेला गोल हायड्रोजन, काळा भरलेला कार्बन. पान उघडलं की ठिपक्यांची रांगोळी घातल्यासारखं दिसतं. आज आपली मुलं अक्षरं लिहितात, ती पद्धत स्वीडनच्या बर्झेलियस यांनी थोड्याच वर्षांनी आणली. डाल्टन यांना ती कधी आवडली नाही.

एका नगाचा फरक

डाल्टन यांच्या म्हणण्याचा सगळ्यांत पक्का पुरावा कोळशाच्या धुरात आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे, म्हणून जरा लक्ष देऊन ऐका.

कोळशातला कार्बन जळतो तेव्हा दोन तऱ्हेचे वायू होऊ शकतात. बारा ग्रॅम कार्बनला एका वायूत सोळा ग्रॅम ऑक्सिजन लागतो, दुसऱ्यात बत्तीस ग्रॅम. बरोबर दुप्पट. वीस नाही, पंचवीस नाही. मधलं काहीच मिळत नाही, कारण ऑक्सिजनचा एक नग जोडला जाईल किंवा दोन, दीड नग जोडता येत नाही.

दोन नगवाला तो कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून सोडतो तोच. एक नगवाला तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा अडवतो आणि माणूस झोपेतच जातो. हवा कमी पडली की कार्बनला दुसरा नग मिळत नाही आणि हा वायू तयार होतो. म्हणून थंडीत खोलीची दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवू नका. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर हवा खेळती असलीच पाहिजे. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि मग दवाखाना गाठा. एका अणूचा फरक आहे, पण तेवढ्याने माणूस वाचतो किंवा जातो.

मोठी माणसंही चुकतात

डाल्टन यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक नग असणार, असं त्यांनी धरलं. का? तर सोपं म्हणून. त्यामुळे ऑक्सिजनचं वजन त्यांच्या यादीत सात लागलं, खरं आहे सोळा. वायू मापून पाहणाऱ्यांना मात्र दिसत होतं की दोन भांडी हायड्रोजनला एक भांडं ऑक्सिजन लागतो. १८११ मध्ये इटलीच्या आव्होगाद्रो यांनी सांगितलं की ऊन आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकाराच्या भांड्यांत कोणत्याही वायूचे सारखेच रेणू मावतात. म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे दोन नग आणि ऑक्सिजनचा एक. पण हे म्हणणं लोकांना पटायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे त्यांच्याच देशाच्या कानिझारो यांनी ते नीट समजावून दिलं आणि मग गाडी रुळावर आली. अणूचे तुकडे होत नाहीत हेही पुढे टिकलं नाही. १८९७ मध्ये अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला.

म्हणून कोणी डाल्टन यांना मोडीत काढलं नाही. हिशोबाची रीत बरोबर होती, एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. आम्हाला हे वाचताना आमची खजिनदार ताई आठवली.

आणि हे सगळं फक्त इंग्रजी शिकलेल्यांसाठी आहे असं समजू नका. एकोणिसाव्या शतकातच कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्र मराठीत लिहून ठेवलं. आणि इंग्लंडमध्ये जेन मार्सेट नावाच्या बाईंनी १८०६ मध्ये रसायनशास्त्राचं जे पुस्तक लिहिलं ते तर एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांचं आहे, आपल्या या रेडिओवरच्या गप्पांसारखंच. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणाऱ्या मायकेल फॅरेडे नावाच्या पोराने ते वाचलं आणि पुढे तो जगातला मोठा शास्त्रज्ञ झाला.

परत साबणाकडे

आता त्या नव्वद वड्यांचा हिशोब.

तेलाचा एक रेणू म्हणजे एक डोकं आणि त्याला तीन लांब वेण्या, असं समजा. कॉस्टिक सोडा घातला की या वेण्या डोक्यापासून सुटतात. प्रत्येक वेणीला कॉस्टिकचा एक नग लागतो आणि तिचा साबण होतो. डोकं उरतं ते ग्लिसरीन. म्हणजे तेलाचा रेणू कोणताही असो, त्याला कॉस्टिकचे नग तीनच. प्रत्येक वेणीला एक रिबिन, वेणी आखूड असो की लांब.

खोबरेल तेलाच्या वेण्या आखूड, म्हणून रेणू हलका. पाम तेलाच्या वेण्या लांब, म्हणून रेणू जड. मग एक किलोत कोणाचे नग जास्त भरणार? खोबरेलाचे. बारीक कोळंबीसारखे. म्हणून खोबरेलाला कॉस्टिक जास्त लागतो आणि पामला कमी. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला कॉस्टिक लागतो सुमारे १८३ ग्रॅम. एक किलो पाम तेलाला सुमारे १४२ ग्रॅम.

आमची वाटी आम्ही काट्यावर ठेवली. भरत होती सुमारे १७५ ग्रॅम. खोबरेलाला ती योग्य होती, उलट थोडं तेल मोकळं उरून साबण मऊ होत होता. पण पामला दर किलोमागे तेहेतीस ग्रॅम कॉस्टिक जास्त झाला. त्याला जोडीला वेणीच मिळाली नाही. सहा किलो तेलात असा सुमारे दोनशे ग्रॅम मोकळा कॉस्टिक राहिला आणि त्याने वहिनींची बोटं सोलली.

तेल चोख होतं. भेसळ नव्हती. चूक आम्हा सगळ्यांच्या हिशोबाची होती. पुढच्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडला, खजिनदार ताईंना घरी जाऊन बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वही पुढे ओढून त्यांनी आकडे उतरवून घेतले. वड्या आम्ही किसल्या, मूळच्या दर किलो तेलामागे पाव किलो पाम तेल वाढवून पुन्हा कढवल्या आणि कपड्यांचा साबण म्हणून घरोघरी वाटून घेतल्या. ऑर्डर गेली ती गेलीच. ते पैसे आम्ही महिन्याच्या बचतीतून भरून काढले.

कपाटाच्या दारावर लावायचे आकडे

साबण करणाऱ्या गटांनी हे लिहून घ्या. एक किलो तेलाला, पाच टक्के कमी धरून, म्हणजे थोडं तेल मोकळं राहील अशा बेताने, कॉस्टिक सोडा:

खोबरेल तेल – १७४ ग्रॅम
पाम तेल – १३५ ग्रॅम
तिळाचं तेल – १२७ ग्रॅम
एरंडेल – १२२ ग्रॅम

दोन तेलं मिसळत असाल तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा करून बेरीज करा. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरच करा, वाटीने नाही, कारण कॉस्टिकच्या पापुद्र्यांची वाटी आणि दाण्यांची वाटी वजनाला सारखी भरत नाही. डबा उघडा राहिला की कॉस्टिक हवेतली ओल ओढतो, म्हणून झाकण घट्ट लावा.

कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. अॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, कॉस्टिक ते खातो. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि लेकरं लांब. हातावर सांडलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं हात धरायचा, लिंबू-व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठायचा. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळू द्या आणि विकण्याआधी आपण स्वतः वापरून बघा.

शेवटची एक गोष्ट, ती साबण न करणाऱ्या मैत्रिणींसाठीही. मिठातला क्लोरीन आपण रोज खातो आणि काही होत नाही, कारण तो सोडियमला जोडलेला असतो. तोच एकटा वायू होऊन सुटला तर विष. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र केलं की नेमका तोच सुटतो. दोन्ही एकत्र केल्याने जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण बंद संडासात जीव घुसमटतो. एका वेळी एकच वापरा, मध्ये भरपूर पाणी ओता, दार उघडं ठेवा. अणू तोच असतो, सोबती बदलला की त्याचे गुण बदलतात.

आमच्या कपाटात ती स्टीलची वाटी अजून आहे. आता ती चहा-साखरेला वापरतो. वहीच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. आणि ज्या काकींनी विचारलं होतं, "आपल्याला गो अणू कशाला?", त्या आता नवीन बाई गटात आली की तिला पहिल्यांदा खोबरेल आणि पामचा फरक समजावतात. वेण्या आणि रिबिनींसकट.

तुमच्याही गटात असा एखादा घाणा बिघडला असेल, पापडाचा असो, लोणच्याचा असो की फिनेलचा, तर कोणाला बोल लावण्याआधी एकदा वजन आणि हिशोब तपासा.